‘तुझ्याशी बोलणंच झालं नाही’

ताई,

बदलीमुळे आम्ही दोन वर्षांपूर्वी नव्या गावी आलो. घरात मी, नवरा, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांचे सासरे. सासरे मळ्यात वाढलेले, पण आता दिवसभर गॅलरीत बसून असतात. आम्ही दोघंही नोकरी करतो, स्वयंपाक मात्र माझ्याकडेच. नवरा मदत करतो, पण सांगितलं तरच. इथल्या बाजारात माझ्या ओळखीच्या निम्म्या भाज्या मिळत नाहीत आणि ज्या मिळतात त्यांचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून मोबाईलवर पाककृती बघते, यादी करते, सामान मागवते. त्यातलं बरंच फ्रिजमध्ये सडतं आणि टाकताना जीव तुटतो. सासऱ्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी द्यायचं असतं, मुलगा हिरव्या भाजीला हात लावत नाही. महिन्यातून एकदा मित्रमंडळी जेवायला येतात. घरचे धरून दहा जण होतो. त्या दिवशी मी सकाळपासून उभी असते, पाच-सहा पदार्थ करते. मागच्या वेळी निघताना एक मैत्रीण म्हणाली, ‘सगळं छान होतं गं, पण तुझ्याशी बोलणंच झालं नाही.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. येत्या रविवारी पुन्हा सगळे येणार आहेत. साधं जेवण करावंसं वाटतं, पण साधं केलं तर बरं दिसेल का? आणि रोजचं हे सगळं सोपं कसं करू?

– एक वाचक

तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘तुझ्याशी बोलणंच झालं नाही.’ तुमची मैत्रीण जेवणाला नावं ठेवत नव्हती. तिला तुम्ही हव्या होतात आणि तुम्ही ओट्याशी होतात. साधं केलं तर बरं दिसेल का, याचं उत्तर तिनेच देऊन ठेवलंय. तेव्हा रविवारी साधंच करा. काय आणि कसं ते शेवटी सांगते. रविवारची दमणूक रोजच्या सवयींतूनच आलेली आहे, म्हणून आधी रोजचं बघू.

तुमच्याकडे पाककृती आधी ठरते, मग यादी होते आणि मग त्या यादीसाठी बाजार. त्यामुळे गावात जे ताजं आलेलं असतं ते तुम्ही बघतच नाही आणि यादीतलं, लांबून आलेलं, अर्धं सुकलेलं घरी येतं. एका पाककृतीला दोन चमचे लागणारी वस्तू पावकिलोच्या पाकिटात मिळते, उरलेल्याचं पुढे काहीच ठरलेलं नसतं आणि ते फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जातं. हा क्रम फिरवा. आधी बाजारात जे चांगलं दिसेल ते आणा आणि त्याचं काय करायचं ते घरी येऊन ठरवा.

हे मी नुसतं काटकसरीसाठी सांगत नाही. साधा स्वयंपाक ताज्या वस्तूंशिवाय जमतच नाही. मटार किंवा मका घ्या. खुडल्या क्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं, आणि उष्णतेत ते आणखी भरभर होतं. सकाळी खुडलेला मटार संध्याकाळी सोलताना तोंडात टाकला तर गोड लागतो. त्याला थोडं मीठ आणि चार-पाच मिनिटांची वाफ पुरते. तोच मटार चार दिवस प्रवास करून आला की पिठूळ होतो आणि मग त्याला चव यावी म्हणून कांदा, वाटण, मसाला, मलई असं सगळं लागतं. तुम्ही ओट्याशी जितका वेळ उभ्या असता, त्यातला काही वेळ शिळ्या भाजीला चव आणण्यात जात असणार, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं.

एक मात्र सांगते. जवळपासचं तेवढंच खायचं, असं व्रत घेऊ नका. वाळवलेल्या वस्तू प्रवास सोसतात. डाळी, कडधान्यं, तांदूळ, मसाले तुमच्या जुन्या गावाहून आणलेत तरी काही बिघडत नाही. आईच्या हातची आठवण ज्या मसाल्यात आहे तो मसाला जरूर मागवा. पाणीदार वस्तू मात्र, म्हणजे पालेभाज्या, शेंगा, टोमॅटो, फळं, आता राहता तिथलीच घ्या.

आता बाजाराला कोणी जायचं? तुमच्या सासऱ्यांनी. पत्रात त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी आल्यात, मिठाचं पथ्य आणि गॅलरी. मळ्यात वाढलेला माणूस घरात असताना तुम्ही अनोळखी भाज्यांसाठी मोबाईल बघता, याचं मला वाईट वाटलं. भाजीचं नाव गावागणिक बदलतं, पण शेंग कोवळी आहे की जून, हे ज्याने मळ्यात शिकलंय त्याच्या बोटांना सगळीकडे कळतं. चालणं झेपत असेल तर दोन दिवसांआड नातवाला बरोबर घेऊन त्यांना बाजारात जाऊ द्या. यादी देऊ नका. ‘बाबा, एक पालेभाजी, एक शेंगभाजी किंवा फळभाजी, आणि तुम्हाला आवडेल ते एक,’ एवढंच सांगा. जे आणतील ते शिजवा. पहिल्या आठवड्यात एखादी गोष्ट जास्त येईल, एखादी आवडणार नाही. त्यावर लगेच बोलू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

अनोळखी भाजी घरी आली की तिचं नाव शोधण्याआधी ती झाडाचा कुठला भाग आहे ते बघा. पान असेल तर थोडा वेळ आणि मोठी आच. देठ जाड असेल तर तो वेगळा चिरून पानांच्या तीन-चार मिनिटं आधी टाकायचा. शेंग मोडून बघा. कट्कन मोडली तर कोवळी, वाकली किंवा दोरा निघाला तर जून, दोरे काढून जरा जास्त शिजवा. कंद असेल तर सारखे तुकडे करून गार पाण्यात टाकून मग तापवा, म्हणजे बाहेरून गाळ आणि आतून कच्चा असं होत नाही. पाणीदार फळभाजीला झाकण नको, नाहीतर ती स्वतःच्याच पाण्यात उकडते. कच्ची खाण्याच्या भानगडीत पडू नका. काही कंद आणि काही पानं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, आणि काही कंद कच्चे खाल्ले तर विषबाधाही होऊ शकते. म्हणून विकणाऱ्यालाच विचारायचं, ‘तुमच्या घरी हे कसं करतात?’ भाजी विकणाऱ्या बायका याचं उत्तर फार आनंदाने देतात आणि ते बहुतेक वेळा तीन वाक्यांत संपतं. मी स्वतः निम्म्या पालेभाज्या अशाच शिकले. एकीने मला भाजी धुवायलासुद्धा शिकवलं, आणि ते शिकण्यासारखंच आहे.

आपण काय करतो, भाजी पातेल्यात बुडवतो, हलवतो आणि पाणी ओतून देतो. त्याने खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तिने सांगितलं, पाणी ओतायचं नाही, पानं वर उचलायची. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं दाबून हलवा, मिनिटभर तशीच राहू द्या. माती तळाला जाते. मग दोन्ही हातांनी पानं अलगद उचलून चाळणीत ठेवा आणि तळाला बोट फिरवून बघा. कचकच लागली तर नवं पाणी घेऊन पुन्हा तेच. बोटाला काही लागेनासं होईपर्यंत. दोन-तीन पाण्यांत होतं. मान टाकलेली पालेभाजीही टाकून देऊ नका. पानातलं पाणी उडून गेलं म्हणून ते लोळतं. गार पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तर बऱ्याचदा पुन्हा उभं राहतं. सडलेलं, बुळबुळीत झालेलं मात्र तेवढं काढून टाका.

हे धुणं तुमच्या मुलाकडे द्या. ९ वर्षांच्या मुलाला पाण्यात हात घालायला आणि तळाची माती शोधायला आवडतं. शेंगा सोलायला आजोबांच्या शेजारी बसवा. तो हिरवी भाजी लगेच खाईल असं मी म्हणत नाही. नवी चव मुलांच्या समोर दहा-पंधरा वेळाही यावी लागते, तेव्हा कुठे काही मुलं ती खातात. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळी हरतो आणि ‘त्याला आवडत नाही’ असं सगळ्यांसमोर म्हणायला लागतो. मग ते मुलालाही खरं वाटतं. ताटात एक चमचा वाढा, आग्रह नको, बक्षीस नको, त्यावर चर्चाही नको. सोलताना दोन दाणे तोंडात गेले तर बघितलंच नाही असं करा.

चिरायलाही शिकवा, पण समोर उभं राहून. पाटाखाली ओला रुमाल घातला की पाट सरकत नाही. धरणाऱ्या हाताची बोटांची टोकं आत मुडपायची, पेरं पुढे. सुरीला धार असू द्या. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि तिनेच जास्त कापतं. सुरुवात मऊ भाजीपासून.

आता नवऱ्याबद्दल. ‘मदत करतो, पण सांगितलं तरच’ असं तुम्ही लिहिलंय. मदत या शब्दातच गोम आहे. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. जोवर काम तुमचं आणि मदत त्यांची, तोवर काय करायचं हे डोक्यात तुम्हालाच ठेवावं लागणार, आणि माणूस हातांनी दमतो त्याहून जास्त तिथेच दमतो. कामाचे तुकडे देऊ नका. कांदा चिरून द्या, जरा हलवा, एवढं आणून द्या, हे बंद. एक आख्खा पदार्थ द्या. माझ्या मते कडधान्यं द्यावीत. आठवड्यातून दोन वेळा कडधान्य त्यांचं. कोणतं करायचं ते त्यांनी ठरवायचं, आदल्या रात्री भिजत त्यांनी घालायचं, संपलं तर आणायचं त्यांनी. विसरले तर त्या दिवशी कडधान्य नाही, डाळ-भात खायचा. तुम्ही रात्री अकराला उठून भिजत घालायचं नाही. हे फार अवघड जाईल हे मला माहीत आहे, तरी सांगते.

त्यांच्यासाठी लिहिते, हा भाग त्यांना वाचायला द्या. आठ तास भिजवा. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलंत तर सालं मऊ होतात. मिठाने कडधान्य शिजत नाही असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, पण शिजू देत नाही ती आंबट वस्तू. टोमॅटो, चिंच, लिंबू हे दाणा बोटांत दाबला की चिरडतो, त्यानंतरच घाला. तुमच्या गावचं पाणी जड असेल तरी दाणा उशिरा शिजतो आणि फार जुनं कडधान्य असेल तरीही. भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि नवं घ्या. बाबांच्या मिठाचा हिशेबही त्याने सोपा राहतो. राजमा असेल तर एक गोष्ट पक्की पाळा. कच्च्या राजम्यात एक घटक असतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. तो घालवायला राजमा चांगला खळखळून उकळावा लागतो, दहा मिनिटं तरी, अर्धा तास उकळला तर निर्धास्त. कुकरमध्ये नीट मऊ शिजला की प्रश्न नाही. फक्त अगदी मंद आचेवर, न उकळता तासन्‌तास ठेवलेला राजमा धोक्याचा.

पहिल्यांदा त्यांच्याकडून मीठ जास्त पडेल. तेव्हा धावत जाऊ नका. बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो असं म्हणतात. बटाटा खारट पाणी पितो आणि स्वतः खारट होतो, उरलेलं तेवढंच खारट राहतं. उपाय म्हणजे पाणी वाढवणं किंवा थोडं बिनमिठाचं शिजलेलं धान्य त्यात मिसळणं. आणि मीठ जास्त झालं तर त्यांचं त्यांना निस्तरू द्या. पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो.

मिठावरून तुमच्या मुलीकडे येते. तिच्याबद्दल तुम्ही वयाशिवाय काहीच लिहिलं नाहीत. १४ व्या वर्षी मुलं स्वयंपाकघरापासून लांब राहतात, पण कोणी त्यांच्या मतावर खरोखर अवलंबून असेल तर येतात. तिला चव बघण्याचं काम द्या. घरातली चव यापुढे तिने ठरवायची. एक दिवस तिच्याबरोबर हे करून बघा. बिनमिठाची शिजलेली डाळ तीन वाट्यांत घ्या. एकीत चिमूटभर मीठ, दुसरीत लिंबाचे चार थेंब, तिसरीत अर्धी चिमूट मीठ आणि दोन थेंब लिंबू. डोळे मिटून चाखायचं. तिसरी वाटी पहिलीइतकीच भरलेली लागते आणि मीठ निम्मंच असतं. आजोबांचं पथ्य तिला त्या दिवशी समजेल, कारण ते तिच्या जिभेवर घडलेलं असेल.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असा आहे, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहूनही थोडं कमी, आणि त्यात लोणचं, पापड, बिस्किटं, पाकिटातलं सगळं आलं. तुमच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी याहून कमी सांगितलं असेल तर तेच पाळा. सगळ्यांचंच मीठ कमी करून वर लिंबू, ताजी कोथिंबीर, भाजलेला लसूण, ताजं दही असं ठेवलं तर त्यांचं ताट वेगळं काढावं लागत नाही. वेगळं ताट म्हाताऱ्या माणसाला फार लागतं. बाजारात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर ते घातक ठरू शकतं.

मग तुमच्याकडे काय उरलं? भात, पोळी किंवा जे तुमच्या घरी रोज लागतं ते, आणि एक गोष्ट जी मला वाटतं तुम्हीच करावी, कारण तिच्यात आराम आहे. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दुपारी, किलोभर कांदा मंद आचेवर परतून ठेवा.

कांदा उभा चिरा. जाड बुडाच्या पसरट भांड्यात तीन-चार चमचे तेल, कांदा आणि अर्धा चमचा मीठ. पहिली दहा मिनिटं काही घडत नाही असं वाटतं. कांदा पाणी सोडतो, पारदर्शक होतो, भांड्यातून नुसती वाफ येते. घाई इथेच होते. आपण आच वाढवतो, मग कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि तांबूसपणा यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून पाणी उडेपर्यंत धीर धरायचा. विसाव्या मिनिटाच्या सुमारास आवाज बदलतो. आधीचा फसफस आवाज जातो आणि बारीक चरचर सुरू होते. रंग आधी साईसारखा, मग मधासारखा. भांड्याच्या तळाला तपकिरी थर धरतो, त्यावर चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्यायचं, सगळी चव तिथे असते. पाऊण तासाने किलोभर कांद्याची वाटी-दीड वाटी उरते आणि वास जिन्यापर्यंत जातो. त्या पाऊण तासात तिथे खुर्ची ओढून बसा, फोनवर आईशी बोला, अधूनमधून हलवा. गार झाला की डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. चमचाभर डाळीत, चमचाभर भाजीत, उकडलेल्या बटाट्यात, अंड्यात. ताज्या भाजीला एवढं पुरतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर वीस मिनिटांत जेवण होतं ते यामुळे.

टाकून देताना जीव तुटतो असं तुम्ही लिहिलंत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घरांमधून. तेव्हा हे फक्त तुमच्या फ्रिजमध्ये घडत नाही. यादी गेली की तुमच्याकडचं बरंच थांबेल. बाकी लहान गोष्टी आहेत. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर ठेवा, थंडीत त्याचा वास जातो. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्याच्या ओलाव्याने कांद्याला कोंब येतात. बटाटा उजेडात ठेवू नका. हिरवा झाला तर हिरवा भाग आणि डोळे खोलवर काढा, फार हिरवा किंवा कडू असेल तर फेकाच, तिथे काटकसर नको. उरलेल्या भाताचंही तसंच. शिजलेल्या भातात काही जिवाणूंची बीजं टिकून राहतात आणि बाहेर ठेवला तर वाढतात. त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जातंच असं नाही. म्हणून दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवा. खाताना वाफा येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच.

आता रविवार.

तीन पदार्थ करा. भात, नवऱ्याचं कडधान्य आणि सासरे शनिवारी जी आणतील ती एक भाजी. बरोबर चिरलेली काकडी किंवा जे कच्चं खाण्याजोगं ताजं असेल ते, दही, लिंबू. शेवटी कापलेलं फळ. गोड करायचं नाही. कोणी आणलं तर आनंदाने खा. दहा जणांना माणशी ७५ ग्रॅम धरून पाऊण किलो तांदूळ भरपूर होतो. कोरडं कडधान्य माणशी ५०-६० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोच्या थोडं वर. शनिवारी रात्री ते भिजलेलं दिसलं पाहिजे, पण भिजवणारे हात तुमचे नकोत. नेहमीची पाच जणांची कृती दुपटीने वाढवताना मीठ आणि तिखट आधी दीडपटच घाला, मुलीला चाखू द्या, मग वाढवा. भाजी एकाच कढईत कोंबू नका. गर्दी झाली की ती परतली जात नाही, वाफेत उकडते. दोन कढया घ्या किंवा दोन वेळा करा. तिखट जास्त झालंच तर दही पुढे करा. मिरचीचा तिखटपणा पाण्याने जात नाही, दुधा-दह्याने जातो.

भात आणि कडधान्य मित्रमंडळी यायच्या आधी तयार असू दे. भाजी मुद्दाम ठेवून द्या. लोक आले की त्यांना बाहेर बसवून पाणी, सरबत, खाणं यांच्या फेऱ्या मारू नका, सरळ आत बोलवा. जागा लहान असेल तर जेवायच्या टेबलावर किंवा जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, शेंगा, पाट, सुऱ्या मध्ये ठेवा. पहिली पाच मिनिटं सगळ्यांना अवघडल्यासारखं होईल. ‘अगं, आम्ही काय करू,’ असं कोणीतरी म्हणेल. तेव्हा ‘काही नको, बसा तुम्ही’ हे वाक्य तोंडात येईल, ते गिळा आणि हातात शेंगांची परडी द्या. हातांना काम असलं की माणसं बोलायला लागतात. समोरासमोर सोफ्यावर बसून जे निघत नाही ते शेंगा सोलताना निघतं, हे मी माझ्या घरी इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी एक जुनी मैत्रीण वडील गेल्यानंतर कित्येक महिने काही बोलली नव्हती. एका संध्याकाळी माझ्या शेजारी बसून लसूण सोलता सोलता ती त्यांच्याबद्दल बोलायला लागली. आम्ही दोघींनी त्या दिवशी गरजेच्या चौपट लसूण सोलला.

त्या मैत्रिणीला, जिच्याशी बोलणं झालं नव्हतं, तिला तासभर आधी बोलवा. कारण सांगा किंवा सांगू नका. आणि सकाळी वेळ मिळाला तरी कांदे चिरून ठेवू नका. ती आल्यावर दोघींनी चिरायला ते राहू द्या.